उजवीकडे झुकणारं विमान

पहिल्यांदा विमान उजवीकडे झुकलं, तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नाही. शाळेतून आले होते, कणीक मळून झाकून ठेवली होती आणि पोळ्या लाटायच्या आधी थोडा वेळ कॉम्प्युटरपुढे टेकले होते. असं टेकणं हीच माझी दिवसातली विश्रांती.

मी अमडापूरच्या शाळेत गणित शिकवते आणि राहते चिखलीत. मुलगा नोकरीला पुण्याला गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर घरीच राहिला. त्यात जुन्या लढाऊ विमानांचा एक खेळ होता. एका उन्हाळ्यात, उत्तरपत्रिका तपासून डोकं बधिर झालेलं असताना, सहज म्हणून तो उघडला आणि मग सुटलाच नाही. खऱ्या विमानात मी आजवर पाय ठेवलेला नाही. पण या खेळातलं विमान खऱ्यासारखंच उडवावं लागतं. इंजिन गरम झालं तर सांभाळायचं, वेग कमी पडला तर नाक खाली घ्यायचं, दांडी, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेली जॉयस्टिक, हलक्या हातानं धरायची. धडधड गोळ्या झाडणं मला कधी नीट जमलं नाही. मला आवडायचं ते दुसऱ्या विमानाच्या शेजारी, ठरावीक अंतर राखून उडत राहणं. दिवसभर वर्गात पोरांवर लक्ष ठेवून आल्यावर एकाच गोष्टीवर लक्ष ठेवायचं, याचं मला बरं वाटायचं.

माझ्या जोडीला असायचा शेगावचा एक लॉजवाला. आमची ओळख या खेळातच झाली. कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसांशी बोलत उडायची सोय त्यात आहे. कुठकुठले लोक असतात, कोणी हिंदीत बोलतं, कोणी इंग्रजीत. एकदा माझ्या शेजारून उडणाऱ्याच्या पाठीमागून आवाज आला, "भाऊ, सकाळी गरम पाणी भेटन ना?" आणि तो म्हणाला, "भेटन, भेटन, पाच वाजल्यापासून." मी म्हटलं, "तुम्ही आपल्याकडचे दिसता." तेव्हापासून तो मला ताई म्हणायला लागला आणि मी त्याला भाऊ. काउंटरवर गिऱ्हाईक नसलं की तो यायचा. तो पुढे, मी त्याच्या डाव्या अंगाला जरा मागे. शत्रूवर तो जायचा आणि त्याच्या मागे कोणी लागलं तर मी सांगायचं, अशी आमची वाटणी.

त्या संध्याकाळी मी त्याच्या डावीकडेच होते. विमान हळूहळू त्याच्याकडे सरकायला लागलं. मी दांडी डावीकडे दाबली. सरळ झालं. सोडली की पुन्हा उजवीकडे. मला वाटलं, एका पंखातलं इंधन जास्त संपलं असेल. लक्ष मागे ठेवायचं म्हणून मी मान वळवून पाहत होते, तेवढ्यात खडकन आवाज झाला.

"ताई, तुमी मलेच ठोकलं."

"चुकलं भाऊ."

"जाऊ द्या. दोघंही गेलो वर. चला, पुन्हा उडू."

पुन्हा उडालो आणि पुन्हा तेच.

पुढे पंख्यासारखी पाती फिरणाऱ्या या विमानांची एक खोड असते. इंजिनाला पूर्ण जोर दिला की ती डावीकडे ओढतात. नवा माणूस पहिल्यांदा तिथेच पडतो. म्हणून डावीकडे ओढलं असतं तर मी म्हटलं असतं, माझंच काही चुकतंय. पण हे उजवीकडे ओढत होतं, इंजिनाचा जोर कमी केला तरी, आणि सगळ्या विमानांमध्ये. कुठल्याही विमानात बसा, तेच. शिवाय रोज नाही. तीन संध्याकाळी व्हायचं, चौथ्या दिवशी अजिबात नाही. मला वाटायचं, सुटलं एकदाचं. की पाचव्या दिवशी पुन्हा.

गणिताच्या बाईला शोभेल असं मी एकेक कारण धरून खोडायला बसले. आधी वारा. खेळात वाऱ्याचा जोर ठरवता येतो, तो शून्य केला. फरक नाही. इंधन दोन्ही पंखांत सारखं भरलं. फरक नाही. मग विमान न धरता सरळ उडावं म्हणून त्याचा तोल लावून ठेवायच्या ज्या कळा असतात, त्या तपासल्या. एखादी चुकून दाबली जात असेल म्हणून त्या सगळ्या काढूनच टाकल्या. मध्येच खेळाची नवी आवृत्ती आली होती. भाऊ म्हणाला, "नव्यात काही तरी बिघडवलं असन त्यायनं. मह्यापाशी पण इंजिन लवकर तापून राह्यलं." म्हणून खेळ काढून पुन्हा भरला. आमच्याकडच्या नेटवर तो भरायला दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांत ह्यांना मोबाइलवर बातम्या दिसल्या नाहीत. तरी विमान उजवीकडेच.

मग राहिली दांडी. रविवारी सकाळी मी ती टेबलावर ठेवली आणि तपासणीचं पान उघडलं. त्या पानावर एक चौकोन असतो आणि दांडी जशी हलवावी तशी त्यात एक फुली हलते. दांडी सोडली की फुली बरोबर मध्ये यायला हवी. ती आली. डावीकडे नेली, उजवीकडे नेली, सोडली, पुन्हा मध्ये. वायर दुसऱ्या भोकात घातली, तरी मध्ये. दांडीत काहीही दोष नव्हता.

त्याच संध्याकाळी मी भाऊला पुन्हा धडकले. थोड्या वेळानं तो म्हणाला, "ताई, तुमी जरा दुरून उडा." आवाज नेहमीसारखाच होता, पण नंतर तो गप्प झाला. आधी तो थट्टा करायचा, "ताई, मह्यावर काही राग आहे का?" ती थट्टा बंद झाली. मला ते लगेच कळलं. वर्गात एखादं पोर रोजच चुकायला लागलं की मीही त्याला रागवायचं थांबवते आणि नुसती त्याच्याकडे पाहते.

ह्यांना खेळात रस नव्हता. हे तहसील कचेरीत कारकून. घरी आले की चहा, बातम्या, मग माझा गुडघा. गुडघ्याचं दुखणं आता जुनंच झालंय. दिवसभर उभं राहून शिकवायचं, वर येता-जाता एसटीत जागा नाही. हे कुठून कुठून तेलं आणायचे, पट्टे आणायचे, आणि मी ते वापरायची. उपयोग होवो न होवो, त्यांनी आणलेलं असायचं. ज्या दिवशी दुखणं जास्त, त्या दिवशी हे स्वतःच पट्टा काढून माझ्यापुढे ठेवायचे आणि म्हणायचे, "बांध."

एक दिवस मी त्यांना म्हटलं, "अहो, जरा इथं बसून पाहता का? हे विमान सरळ जातं का तेवढंच पाहायचं."

"मले काय जमते त्यातलं?"

"काही करायचं नाही. धरून बसायचं फक्त."

मी विमान वर नेऊन दिलं आणि खुर्चीतून उठले. हे बसले. प्लास्टिकच्या स्टुलावर दांडी, स्टूल दोन गुडघ्यांच्या मध्ये, अशी माझी रीत. ह्यांनी ती दांडी चहाच्या कपासारखी दोन बोटांनी धरली. विमान गेलं. सरळ गेलं. समोर डोंगर आला तरी सरळच गेलं.

"वळवा ना," मी म्हटलं.

"तू म्हटलं काही करायचं नाही."

विमान डोंगरावर आदळलं. हे हसले नाहीत, मीही नाही. त्यांनी दांडी सोडली आणि माझ्या हाताकडे पाहिलं. उजव्या हाताकडे. पाहून लगेच नजर काढून घेतली, पण मी पाहिलं होतं.

आईला कंपवात होता. शेवटची काही वर्षं ती आमच्याकडेच होती. मला भाऊ नाही, बहीण नाही. सुरुवात झाली तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आई रांगोळी काढायची, तिची रेघ एका बाजूला जायला लागली. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून आम्ही चष्मा बदलला. उजव्या हातापासून सुरू झालं होतं. मग चालणं, मग गिळणं. मी सकाळच्या गाडीनं शाळेला जायची आणि तिला भरवायचे ते हे. जावयाच्या हातून खायची तिला लाज वाटायची, म्हणून हे खिडकीकडे तोंड करून बसायचे आणि न पाहता घास पुढे करायचे. अर्धा घास तिच्या पदरावर पडायचा. तो उचलून मगच हे कचेरीत जायचे. यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. ते गेलं, संपलं, असंच धरून चाललो होतो.

त्या संध्याकाळनंतर मी माझ्याच हातावर पाळत ठेवायला लागले. फळ्यावर समीकरण लिहिताना ओळ खाली उतरते का. ओंजळीतलं पाणी हलतं का. माझं अक्षर बारीक होत चाललंय असं मला वाटायला लागलं. मागच्या वर्षीचा पाठाच्या टाचणाचा कागद शेजारी ठेवून पाहिला, तर सारखंच दिसलं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटलं. शाळेत परीक्षेची कामं, सरकारी माहिती भरण्याची कामं, त्यात हे. रात्री अंथरुणाला पाठ लागली की झोप यायची. इतकी दमलेली असायची, की काळजी करायलाही जागी राहायची नाही. सकाळी उठून मग चालू.

ह्यांनीच एक दिवस विषय काढला. भाजी निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "बुलढाण्याले एक डॉक्टर बसते. मेंदू अन् नसा पाह्यते. दाखवून येऊ."

"कशाला?"

"दाखवायले काय होते?"

आम्ही गेलो. डॉक्टर तरुण होता. त्यानं मला खोलीत चालायला लावलं, अंगठ्यावर बोट आपटायला लावलं, डोळे मिटून नाकाला हात लावायला लावलं. कागदावर गोल गोल काढायला सांगितलं. मग विचारलं, "तुम्हाला नेमका काय त्रास होतोय?"

काय सांगणार? विमान उजवीकडे जातं म्हणून? मी म्हटलं, "हात एका बाजूला जातो असं वाटतं."

आईचं मी सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. "आज तरी मला काही दिसत नाही. सहा महिन्यांनी एकदा येऊन जा."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "काही नाही म्हणाला."

"'आज तरी', म्हणाला."

बसस्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. धाड गावाला जाणारी गाडी लागली होती आणि तिच्यात चढणाऱ्या बाजाराच्या लोकांनी सगळी वाट अडवली होती. त्या गर्दीतून ह्यांनी माझा हात धरून मला नेलं. असा रस्त्यात हात ह्यांनी आधी कधी धरला नव्हता.

घरी आल्यावर मी ठरवून टाकलं की बास. खेळच तो. संध्याकाळी भाऊला सांगितलं, "भाऊ, मी आता थांबते."

"काऊन?"

"हात नीट चालत नाही. तुम्हाला उगाच त्रास."

त्याच्या मागे कोणी तरी खोलीचं विचारत होतं, त्याला त्यानं "थांबा" म्हटलं. मग म्हणाला, "ताई, शेगावले येणं होते का कधी? आले तर तुमची दांडी घेऊन या. मी एकदा पाह्यतो. मंग सोडायचं तर सोडा."

जाणं होणारच होतं. नणंद आठवडाभर आमच्याकडे येऊन राहिली होती, तिला शेगावला रेल्वेत बसवून द्यायचं होतं. मी कापडी पिशवीत दांडी घेतली. नणंदेला वाटलं, फराळाचं आहे. स्टेशनवर पिशवी घ्यायला तिनं हात पुढे केला, तेव्हा ह्यांनी सांगितलं, "ते तुह्यासाठी नाही."

गाडी गेली आणि आम्ही लॉज शोधत निघालो. आदल्या दिवसापासून माझा गुडघा फार दुखत होता, पट्टा बांधूनच निघाले होते. लॉज एका गल्लीत होता, खाली काउंटर, वर खोल्या. आवाजावरून मी भाऊला बारीक अंगाचा, पंचविशीतला समजत होते. होता चाळिशीच्या पुढचा, पोट सुटलेला, चष्मा कपाळावर ठेवलेला. तो उठून उभा राहिला आणि वाकून नमस्कार केला. ह्यांनाही केला. चहा मागवला. आम्ही तिघंही थोडे अवघडलो होतो. आकाशात इतके दिवस शेजारी उडालो, पण खुर्चीवर समोरासमोर बसल्यावर काय बोलावं कळेना.

"आधी मह्या दांडीवर उडवा," तो म्हणाला.

त्याची दांडी जुनी होती, काउंटरवर ठेवलेली. मी काउंटरच्या आत जाऊन बसले. हे बाहेरच्या बाजूनं कोपर टेकून उभे राहिले. मी विमान वर काढलं, सरळ केलं आणि हात हलका ठेवला. विमान तारेवरून चालल्यासारखं सरळ गेलं. मी वळण घेतलं, पुन्हा सरळ केलं, पुन्हा सरळ गेलं.

"ताई, तुमच्या हाताले काही नाही," भाऊ म्हणाला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते स्क्रीनकडेच पाहत होते.

"मंग दांडीत दोष असन," म्हणत भाऊनं माझी दांडी पिशवीतून काढली, काउंटरवर ठेवली आणि जोडली. तपासणीचं पान उघडलं. फुली बरोबर मध्ये. विमान उडवून पाहिलं, तेही सरळ.

"याच्यातही काही नाही," तो म्हणाला. तेवढ्यात एक कुटुंब आलं, पाच माणसं, दोन खोल्या पाहिजेत. त्यानं त्यांना किल्ल्या दिल्या, वर नेऊन पोचवलं आणि परत आला. जिना चढून त्याला दम लागला होता.

"ताई, घरी बसता कशा तुमी?"

"कशी म्हणजे? खुर्चीवर."

"दांडी कुठी ठेवता? टेबलावर?"

"नाही, खांदा भरून येतो. स्टुलावर ठेवते, पुढ्यात."

"मंग तसंच बसून पाहू."

त्यानं आतून एक स्टूल आणलं. मी साडी सावरून बसले, स्टूल दोन गुडघ्यांच्या मध्ये घेतलं आणि वर दांडी ठेवली. फुलीचं पान अजून उघडंच होतं.

"ताई, दांडी सोडा."

"सोडलीच आहे."

"सोडली?" त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला.

माझे दोन्ही हात मांडीवर होते. आणि फुली मध्ये नव्हती. उजवीकडे सरकून थांबली होती. कोणी हात न लावता.

मी गुडघा बाजूला घेतला. फुली मध्ये आली. गुडघा जवळ नेला. फुली उजवीकडे गेली. मी ते पुन्हा केलं, पुन्हा केलं. कितीदा केलं कोण जाणे. शेवटी भाऊनं विचारलं, "ताई, गुडघ्याले काही बांधलं आहे का?"

उत्तर ह्यांनी दिलं. "पट्टा आहे. चुंबकाचा. मीच आणला." थोडं थांबून म्हणाले, "इथूनच आणला. पलीकडच्या गल्लीतून."

भाऊनं खिळ्यावरची एक लोखंडी किल्ली काढली आणि ह्यांच्या हातात दिली. हे आत आले, माझ्यापुढे वाकले आणि साडीवरूनच ती किल्ली माझ्या गुडघ्याला लावली. ती तिथेच राहिली.

मग भाऊनं समजावून सांगितलं. जुन्या दांड्यांत आत घासणारे भाग असतात, ते झिजतात. नव्या दांडीत तसं काही नसतं, आत एक चुंबक असतो आणि तो किती सरकला हे मोजून विमान वळतं. बाहेरून दुसरा चुंबक जवळ आला की ती फसते. मुलानं दिवाळीला ही दांडी आणून दिली, तेव्हा हेच सांगितलं होतं. चुंबकावर चालते आई, कधी खराब होणार नाही. मी हो हो म्हणत फोडणी देत होते. आणि पट्टा चुंबकाचा आहे हेही मला पहिल्यापासून माहीत होतं, खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. ज्या दिवशी गुडघा दुखायचा त्या दिवशी पट्टा, आणि ज्या दिवशी पट्टा त्या दिवशी विमान उजवीकडे. ह्यांच्या गुडघ्याला पट्टा नव्हता, म्हणून त्यांचं सरळ गेलं. तपासायला मी दांडी टेबलावर घ्यायची, म्हणून तिथे सगळं ठीक दिसायचं.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी त्या खुर्चीत तशीच बसून राहिले. हे बाहेर जाऊन लॉजच्या पायरीवर बसले. भाऊ माझ्याजवळ हळू आवाजात म्हणाला, "ताई, खरं सांगू? मले पण वाटलं होतं. मह्या काकाचं असंच झालं होतं. म्हणून मी बोलत नव्हतो."

"माहीत आहे भाऊ."

मी पट्टा सोडून पिशवीत टाकला. पायरीवर गेले तर हे चपलेचा अंगठा नीट करत होते, जो काही तुटलेला नव्हता. म्हणाले, "मी दोन दुकानं फिरून घेतला होता. त्यातला चांगला पाहून."

"चांगलाच आहे तो," मी म्हटलं. "चुंबक किती जोराचे आहेत पाहा ना."

परतीच्या एसटीत खामगावपर्यंत उभं राहावं लागलं. तिथे जागा मिळाली. हे खिडकीशी बसले. गाडी गावाबाहेर पडल्यावर म्हणाले, "मी साहेबांले विचारून ठेवलं होतं."

"काय?"

"वेळेआधी निवृत्ती घेता येते का म्हणून."

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"तुह्या आईच्या वक्ताले आपण दोघं होतो. आता पोरगा तिकडं. म्हटलं, कचेरी आणि घर, दोन्ही होणार नाही. तू शाळेत जाशीन तोवर जाशीन, मंग मी घरी राहीन."

"मला सांगितलं नाही ते?"

"काय सांगायचं होतं?"

रस्ता खराब होता, गाडी खडखडत होती. तरी ह्यांना झोप लागली. डोकं माझ्या खांद्यावर आलं. किती दिवसांत हे नीट झोपले नव्हते कोण जाणे. मी इतके दिवस फक्त माझ्याच हाताकडे पाहत होते. कंडक्टर तिकीट तपासायला आला, तेव्हा मी त्यांच्या खिशातून हळूच तिकिटं काढून दाखवली.

यानंतर सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. घरी पट्टा न बांधता उडायला बसले, तर विमान डावीकडे जायला लागलं. मी पुन्हा हाताकडेच पाहिलं. मग कळलं की इतके दिवस विमान उजवीकडे ओढत होतं म्हणून मी दांडी सतत डावीकडे दाबून धरत होते, आणि आता ओढ गेली तरी हात दाबतच होता. भाऊ म्हणाला, "ताई, पह्यले तुमी मह्यावर येत होत्या, आता मले सोडून चालल्या." थट्टा परत आली, हे मला बरं वाटलं. हाताची सवय जायला मात्र वेळ लागला. दोष एका दुपारी सापडला होता. तो सांभाळायला हाताला जे शिकवून ठेवलं होतं, ते काही सेकंदांत विसरता येईना.

गुडघा दुखतोच. हाडांच्या डॉक्टरनं व्यायाम सांगितलेत, ते मी चार दिवस करते आणि पाचव्या दिवशी कंटाळते. ह्यांनी साहेबांना जाऊन सांगितलं की ते निवृत्तीचं राहू द्या. साहेबांनी कारण विचारलं, तर म्हणाले, घरची अडचण होती, मिटली. फळ्यावर लिहिताना अजूनही कधी कधी मी मागे सरून माझी ओळ पाहते. ती सरळ असते. तरी पाहते.

हल्ली शेगावात गर्दीचे दिवस असले की भाऊ येत नाही. तेव्हा मी एकटीच उडते. लढाई नको असा पर्याय खेळात असतो, तो निवडते. खाली नदी, शेतं, मधूनच एखादं गाव. कोणाला सांभाळायचं नाही, कोणाच्या मागे राहायचं नाही. परवा अशीच उडत असताना हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "कुकरच्या किती शिट्ट्या करू?"

"तीन," मी म्हटलं. "आणि मग गॅस बारीक करा. मी येते."

हे आत गेले. मी विमान आणखी थोडा वेळ वरच ठेवलं.